‘गोळी चालू आहे ना?’ : लेट्रोझोल मधेच सोडलेल्या एका मावशींचं प्रकरण

शेक (रेडिएशन) संपला की आमच्या कर्करोग विभागात पेशंट पेढे घेऊन येतात. ऑपरेशन झालं, केमोच्या सलाईन झाल्या, गेलेले केस परत उगवायला लागले, रेडिएशनचा शेवटचा दिवसही पार पडला. घरच्यांच्या हिशेबात आजार तिथे मिटतो. त्याच दिवशी केसपेपरवर डॉक्टर एक ओळ लिहितात: लेट्रोझोल, रोज एक गोळी, पाच वर्षं. एवढं सगळं सोसून आलेल्या बाईला त्या ओळीचं काही वाटत नाही. गोळी इवलीशी असते, तिला सुई नसते, तिच्यासाठी दाखल व्हावं लागत नाही. घरी जाऊन ती बीपीच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांच्या डब्यात पडते.

या प्रकरणातल्या मावशींनी ती गोळी अकरा महिने घेतली आणि बंद केली. पुढचे सात महिने त्या तपासणीला वेळेवर येत होत्या, कोणी विचारलं तर ‘चालू आहे’ म्हणत होत्या, आणि गोळी घेत नव्हत्या. मी स्तनाच्या कर्करोगाच्या विभागात समुपदेशनाचं काम करते. मावशींना विचारून हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आजार आणि औषध

वय 57. सातारा जिल्ह्यातलं ऊसपट्ट्यातलं गाव, शाळा चौथीपर्यंत. घरात मालक, मुलगा, सून आणि दुसरीतली नात. दोन एकर बागायत आणि गोठ्यात दोन म्हशी. पाळी जाऊन सात वर्षं झालेली. डाव्या स्तनात गाठ, 2.8 सेंटिमीटर, काखेतल्या 14 पैकी 2 गाठींत आजार पोचलेला. रिपोर्टवर ईआर (पेशींवरचे इस्ट्रोजेन पकडणारे ग्राही) 8 पैकी 8, पीआर (प्रोजेस्टेरॉनचे ग्राही) 6, हर-टू हे प्रथिन निगेटिव्ह. म्हणजे आजार वाढायला शरीरातल्या इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचा आधार घेणारा. स्तन काढण्याचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन, आणि मग लेट्रोझोल 2.5 मिलिग्रॅम रोज.

लेट्रोझोल काय करतं हे इथे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पाळी गेल्यावर बीजांडकोशातून इस्ट्रोजेन येणं जवळपास थांबतं. तरी शरीर थोडं इस्ट्रोजेन बनवत राहतं. मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून येणाऱ्या दुसऱ्या संप्रेरकांचं चरबीच्या आणि स्नायूंच्या आत इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर होत असतं, आणि ते करणारं विकर (एन्झाइम) म्हणजे अरोमाटेज. लेट्रोझोल, अॅनास्ट्रोझोल आणि एक्झेमेस्टेन ही तीन औषधं हे विकर बंद पाडतात. इस्ट्रोजेन अगदी तळाला जातं. कुठे चुकून राहिलेल्या कर्करोगाच्या पेशी उपाशी पडतात. पण त्याच इस्ट्रोजेनवर हाडं, सांधे, झोप, योनीमार्गाची त्वचा हेही चालत असतं. त्यांचाही खुराक तुटतो.

ही माहिती मावशींना पहिल्या दिवशी मिळाली होती का? डिस्चार्जच्या कागदावर छापील होती. मावशींना चौथीपर्यंतचं वाचता येतं. कागद जपून ठेवलेला होता, प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाबरोबर.

पिशवी

तपासणीला येताना सगळ्या गोळ्या आणायच्या, रिकाम्या पाकिटांसकट, असं आम्ही सांगतो. फार थोड्या बाया आणतात. मावशींनी त्या दिवशी आणल्या, कारण त्या एकट्या आल्या होत्या आणि कुठली गोळी कशाची हे नेहमी मुलगाच सांगायचा. एकट्या आल्या त्याचंही कारण साधं आहे. 2023 च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. आधी मुलगा मोटरसायकलवर आणायचा, त्याचा दिवस मोडायचा; आता मावशी गावातल्या दुसऱ्या एका बाईबरोबर स्टँडपर्यंत आल्या आणि तिथून चालत. माझ्या अनुभवात या अर्ध्या तिकिटाने आमच्या विभागाला एक गोष्ट दिली आहे जी कुठल्या योजनेच्या कागदात नसेल: नवरा आणि मुलगा शेजारी नसताना बोलणारी पेशंट.

पिशवीतून लेट्रोझोलची भरलेली पाकिटं निघाली. एक, दोन, मग बरीच. रबरबँड लावून नीट ठेवलेली, सगळ्यांवरची तारीख जुनी. एका पाकिटातल्या फक्त तीन गोळ्या फोडलेल्या.

मी विचारलं, “मावशी, गेल्या आठवड्यात यातली किती वेळा राहिली?”

प्रश्न मुद्दाम असा विचारतो आम्ही. ‘गोळी चालू आहे ना?’ असं विचारलं की त्याला ‘हो’ हेच उत्तर असतं. डॉक्टरांना ‘नाही’ म्हणायला बाई इतक्या लांब कशाला येईल? ‘किती वेळा राहिली’ म्हटलं की राहणं हे माणसाचंच आहे असं धरून चाललोय हे तिला कळतं.

मावशी थोडं थांबल्या. मग म्हणाल्या, “खोटं कशाला बोलू ताई. राहिली न्हाई, सोडलीय. दसऱ्याच्या आधीपासनं.”

“मग पाकिटं?”

“पोरगा आणून देतोय दर म्हैन्याला. त्याला काय सांगायचं?”

मावशींचा हिशेब

या ठिकाणी ‘अज्ञानामुळे औषध सोडलं’ असं लिहून फाईल पुढे सरकवणं सोपं असतं. मला हा शब्द आवडत नाही. मावशींनी जे केलं त्यामागे निरीक्षण होतं, तुलना होती, आणि घरखर्चाचा हिशेब होता.

गोळी सुरू झाल्यावर दोनेक महिन्यांनी बोटं धरायला लागली. पहाटे पाचला धारेला बसलं की मूठ वळायची नाही. अंगठ्याच्या बुडाशी कळ यायची. दुपारपर्यंत हात मोकळे व्हायचे, संध्याकाळच्या धारेला बरं असायचं. मग गुडघे, मग टाचा. भाकरी थापायला बसलं की भाकरी मधेच जाड राहायची आणि कडेला फाटायची. सून काही बोलायची नाही, पण पुढे पुढे पीठ स्वतःच मळायला लागली. मावशींना ते लागलं.

गावातल्या डॉक्टरांनी चिकनगुनियानंतरचं दुखणं असेल म्हणून दुखण्याच्या गोळ्या दिल्या. त्या वर्षी गावात चिकनगुनिया होताही. नंतर संधिवाताचं रक्त तपासलं, ते निगेटिव्ह आलं. लेट्रोझोलचं नाव कोणी घेतलं नाही, कारण ती ‘कॅन्सरची गोळी’, तिचा सांध्यांशी काय संबंध? खरं तर सकाळचा ताठरपणा, दोन्ही हातांची बोटं, गुडघे, सुरुवात गोळीनंतर दोन-तीन महिन्यांत: या औषधांचं चित्र असंच असतं. हाताच्या नसा दबून मुंग्या येणं, बोट वाकून अडकणं हेही त्यातच बसतं.

मग गावची जत्रा आली. पाहुणे, मटण, धावपळ. आठ-दहा दिवस गोळी घ्यायची राहून गेली. त्या दिवसांत बोटं जरा सैल झाल्यासारखी वाटली. जत्रा झाल्यावर पुन्हा सुरू केली, पुन्हा धरली. मावशींनी मग मुद्दाम महिनाभर सोडून पाहिली. पहाटे मूठ वळायला लागली. कुठल्याही डॉक्टरने औषधाचा परिणाम ओळखायला हेच केलं असतं: थांबवा, बघा, परत सुरू करा, बघा. फरक एवढाच की तिसऱ्या पायरीनंतर डॉक्टर दुसरा पर्याय देतो, आणि मावशींकडे दुसरा पर्याय आहे हेच माहीत नव्हतं.

हात का एवढे महत्त्वाचे, हे मला दुसऱ्या भेटीत कळलं. दूध डेअरीला जातं आणि डेअरीचं पुस्तक मावशींच्या नावावर आहे. दर दहा दिवसांनी येणारा पगार (दुधाच्या पैशाला तिकडे पगारच म्हणतात) त्यांच्या हातात येतो. उसाचं बिल मालकांच्या खात्यावर. लग्न झाल्यापासून मावशींचा असा एवढाच पैसा. धार सुटली तर म्हशी सुनेच्या, मग पुस्तकही सुनेच्या नावावर व्हायला किती वेळ? हे त्या स्पष्ट कधी बोलल्या नाहीत. “म्हस माझ्या हातालाच पान्हा सोडतीय” एवढंच म्हणाल्या.

आणि एक गोष्ट राहिली, जी मी आधी कुठे ऐकली नव्हती. सुनेला पहिली मुलगी, दुसऱ्या वेळी दिवस राहत नव्हते. कराडच्या डॉक्टरबाईंकडे ट्रीटमेंट सुरू होती. एक दिवस सुनेच्या पर्समधून पाकीट पडलं. मावशींनी उचललं, आणि अक्षरं लावून वाचलं, तर नाव तेच. लेट्रोझोल. शेजारणीला विचारलं, तिने आणखी कोणाला विचारलं. निष्कर्ष निघाला की ही पोर होण्याची गोळी आहे, आणि सत्तावन्न वर्षांच्या बाईला ती चुकून चालू आहे किंवा कोणाचं तरी कमिशन आहे.

यात गंमत अशी की सुनेचं औषधही बरोबर होतं आणि सासूचंही. तरुण बाईला लेट्रोझोल पाळीच्या सुरुवातीच्या काळात पाच दिवस देतात. इस्ट्रोजेन थोड्या काळासाठी खाली जातं, मेंदू ते ओळखतो आणि बीजांडकोशाला जोर लावायला सांगतो, बीज तयार होतं. सासूच्या बीजांडकोशाने केव्हाच काम थांबवलंय, त्यामुळे तिच्यात खाली गेलेलं इस्ट्रोजेन खालीच राहतं, आणि तेच हवं असतं. मी हे कागदावर दोन बायकांचं चित्र काढून सांगितलं. मावशींनी चित्र पाहिलं आणि विचारलं, “मग मला दिवस जाणार न्हाईत न्हवं?” आणि स्वतःच हसल्या. पण प्रश्न अगदीच विनोदाचा नव्हता. सात महिन्यांतला निदान थोडा भाग त्या भीतीचा होता असं मला वाटतं.

डॉक्टरांपुढे

त्याच दिवशी मावशींना ऑन्कॉलॉजिस्टकडे (कर्करोगतज्ज्ञांकडे) परत नेलं. जाताना मी एक अट घातली होती, की आपण ‘सोडली’ हे आधी सांगायचं आणि ओरडा खाणार नाही. डॉक्टरांनाही आधी जाऊन सांगून आले होते. तपासणी, दुसऱ्या स्तनाची मॅमोग्राफी, सगळं ठीक होतं.

औषध किती उपयोगाचं हे सांगताना डॉक्टरांनी टॅमॉक्सिफेन या इस्ट्रोजेनला अडवणाऱ्या जुन्या गोळीचे आकडे घेतले, कारण सर्वांत जुना आणि मोठा हिशेब त्याचाच आहे. जगभरच्या चाचण्या एकत्र करून 2011 साली जो अभ्यास छापला गेला त्यात पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या, ईआर पॉझिटिव्ह आजाराच्या बायांमध्ये आजार परतण्याचं प्रमाण सुमारे 40 टक्क्यांनी आणि मृत्यूचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी दिसलं. पाळी गेलेल्या बायांत लेट्रोझोलसारखी औषधं त्याहून थोडी सरस. या जातीचा आजार उशिरा परततो, दहा-पंधरा वर्षांनीही. म्हणून ‘आता दोन वर्षं काही नाही, म्हणजे गेलं’ हे गणित इथे चालत नाही.

औषध मधेच सोडणं ही काही साताऱ्याच्या खेड्यातलीच गोष्ट नाही. कॅलिफोर्नियात साडेआठ हजारांहून जास्त बायांच्या नोंदी तपासून 2010 साली आलेल्या अभ्यासात, ठरल्याप्रमाणे आणि ठरल्या मुदतीपर्यंत गोळी घेणाऱ्या निम्म्याच निघाल्या. तिथे विमा होता, औषध घराजवळ होतं, पत्रकं इंग्रजीत छापलेली होती आणि बहुतेक बायांना इंग्रजी येत होतं. आमच्याकडच्या बैठकांमध्ये ‘आपल्या पेशंटना समजत नाही’ असं कोणी म्हणालं की मी हा आकडा काढते.

पर्याय तीन होते. लेट्रोझोल परत सुरू करून दुखण्यावर इलाज करायचा, त्याच गटातलं दुसरं औषध द्यायचं, किंवा टॅमॉक्सिफेन. एकाच गटातलं असलं तरी एक औषध सोसत नाही आणि दुसरं सोसतं असं बऱ्याच बायांत दिसतं. फ्रान्समधल्या एका अभ्यासात अॅनास्ट्रोझोल सांध्यांमुळे सोडावं लागलेल्या बायांना लेट्रोझोलवर बदललं, तर सहा महिन्यांनंतर दहातल्या सातजणी ते घेत होत्या. काखेत आजार पोचलेला असल्यामुळे मावशींसाठी डॉक्टरांनी त्याच गटातलं एक्झेमेस्टेन 25 मिलिग्रॅम निवडलं. तेही सोसलं नाही तर टॅमॉक्सिफेन. “काहीच न घेण्यापेक्षा टॅमॉक्सिफेन कितीतरी बरं, त्यामुळे पुढचं जमलं नाही तर सोडू नका, फोन करा,” हे वाक्य त्यांनी तीनदा म्हटलं. मधले सात महिने मुदतीच्या शेवटी जोडायचे ठरलं.

हाडं, दात, मिश्री

हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी सुरुवातीलाच व्हायला हवी होती. ती पुण्याला जावं लागतं म्हणून राहिलेली. आता केली. कण्याचा टी-स्कोअर उणे 2.3. उणे 2.5 ला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात, म्हणजे मावशी उंबऱ्यावर. ड जीवनसत्त्व 11. शेतात उन्हात राबणाऱ्या बाईचं ड जीवनसत्त्व कमी कसं, असं मुलाने विचारलं. डोक्यावरून पदर, पूर्ण बाह्यांचं पोलकं, आणि ऊन टाळून पहाटे-संध्याकाळी काम. आठ आठवडे आठवड्याला एक 60,000 युनिटची पुडी, दुधातून. ही पुडी मात्र कधी चुकली नाही, कारण दूध घरचं.

हाडांसाठी झोलेड्रोनिक अॅसिड 4 मिलिग्रॅम, दर सहा महिन्यांनी सलाईनमधून. पाळी गेलेल्या बायांत याने हाडात आजार परतण्याचंही प्रमाण थोडं घटतं. पण ते देण्याआधी दात बघावे लागतात, कारण नंतर दात काढायची वेळ आली तर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो. मावशी पंचवीस वर्षं मिश्री लावतात. खालची एक दाढ हलत होती. ती काढली, जखम भरेपर्यंत थांबलो, मग पहिली मात्रा दिली. ‘दोन दिवस ताप येईल, अंग ठणकेल, पॅरासिटामॉल घ्या, घाबरून कॅन्सर परतला म्हणू नका’ असं मुलाला आणि सुनेला दोघांनाही सांगून ठेवलं होतं. ताप आलाच. फोन आला नाही.

मिश्री सुटली का? कमी झाली. सुटली असं मी लिहिणार नाही.

धार कोणी काढायची

फिजिओथेरपिस्टने व्यायाम सांगितला तेव्हा मावशींचा चेहरा बघण्यासारखा होता. “दिवसभर राबते मी. वैरण कापते, शेण काढते. आणि वर तुमचा व्यायाम?” मुद्दा रास्त होता. पण राबण्यात तेच सांधे त्याच बाजूला झिजतात. ज्या स्नायूंनी सांध्याला धरून ठेवायचं ते तसेच कच्चे राहतात, हे फिजिओ ताईंनी शब्दांत सांगायच्या भानगडीत न पडता दाखवलं. मावशींना खुर्चीवरून हात न टेकवता उठायला लावलं. चौथ्या वेळी उठता येईना. तीच उकिडवी बसून अर्धा तास धार काढते ही बाई.

या दुखण्यावर व्यायामाचा उपयोग होतो याला चांगला आधार आहे. अमेरिकेत 121 बायांवर झालेल्या चाचणीत आठवड्यातून दोनदा ताकदीचे व्यायाम आणि एकूण 150 मिनिटं भरभर चालणं असं वर्षभर केलेल्यांचं सांध्यांचं सर्वांत तीव्र असतानाचं दुखणं 29 टक्क्यांनी उतरलं. नेहमीसारखं राहणाऱ्यांचं उतरलं नाही. मावशींना यातलं थोडंच दिलं. पाण्याच्या एक लिटरच्या बाटल्या घेऊन हात वर, खुर्चीवरून उठबस, आणि पहाटे गोठ्यात जायच्या आधी कोमट पाण्यात दहा मिनिटं हात बुडवून मुठी वळणं. डाव्या हाताला ऑपरेशननंतर सूज येण्याचा धोका असल्यामुळे त्या हाताचा घेर मोजून नोंदवला आणि वजन हळूहळू वाढवलं.

पण खरा गुंता पहाटेच्या धारेचा होता. ताठरपणा पहाटेच सर्वांत जास्त, आणि म्हैस वेळ बदलून घेत नाही. मुलाला आणि सुनेला बोलावलं. मालकही आले. सरळ विचारलं: सकाळची धार दुसरं कोण काढेल? मुलगा म्हणाला मी काढतो. सून म्हणाली त्यांना जमत नाही, मी काढते. मावशी गप्प. तेव्हा मी दुधाच्या पुस्तकाचा विषय काढला. पुस्तक आईच्याच नावावर राहील, पगार आईच घेईल, हे मुलाने सगळ्यांसमोर म्हटलं. त्याला हा प्रश्नच का आला ते कळलं नाही. कळण्याची गरजही नव्हती. संध्याकाळची धार मावशींकडेच राहिली.

माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत परिणामकारक उपचार त्या पंधरा मिनिटांत झाला, आणि तो केसपेपरवर लिहायला रकाना नाही.

जे एकटीलाच विचारावं लागतं

पुढच्या भेटीत आमच्या सिस्टरने मावशींना वेगळ्या खोलीत घेतलं. अंगातून वाफा येतात का, झोप लागते का, लघवीला जळजळ होते का, आणि मग त्याच सुरात, मालकांबरोबर जवळ येताना त्रास होतो का. हा क्रम सिस्टरने स्वतः बसवलाय. लघवीच्या प्रश्नानंतर तो प्रश्न आला की बायका दचकत नाहीत.

त्रास होता. कोरडेपणा, आग, एकदा रक्त. वर्षभर टाळत होत्या आणि मालकांना वाटत होतं की बाई आजाराचं निमित्त करते. “त्यांना सांगू तरी काय? ह्या वयात,” मावशी म्हणाल्या. पाण्यावर आधारलेली जेली आणि रोज लावायचं मॉइश्चरायझर दिलं. मेडिकलमधून इस्ट्रोजेनचं मलम स्वतःहून आणायचं नाही, हे ठासून सांगितलं. या गोळीवर असताना ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालत नाही. मालकांना डॉक्टरांनी बाहेर व्हरांड्यात गाठून दोन वाक्यांत सांगितलं की हा गोळीचा परिणाम आहे, बाईचा दोष नाही. मालकांनी मान हलवली आणि एसटीची वेळ विचारली.

वाफांसाठी व्हेन्लाफॅक्सिनची छोटी मात्रा सुचवली होती. अजून एक गोळी नको, म्हणून मावशींनी नाकारली. सुती साडी, उशाशी पंखा, रात्रीचा चहा बंद. अर्धवट भागलं. (जाता जाता: जी बाई टॅमॉक्सिफेनवर आहे तिला नैराश्यासाठी किंवा वाफांसाठी पॅरॉक्सेटिन किंवा फ्लुऑक्सेटिन देऊ नये, यकृतात टॅमॉक्सिफेनचं कामाच्या रूपात रूपांतर होतं ते या दोन्हींमुळे अडतं. गावोगावच्या चिठ्ठ्यांवर ही जोडी मला अजून दिसते.)

गोळीची जागा

एक्झेमेस्टेन जेवणानंतर घ्यायचं असतं. रात्रीचं जेवण ठरलं. नातीला काम दिलं: आजीने गोळी घेतली की कालनिर्णयवर त्या तारखेला पेनाने फुली मारायची. नात इतकी कडक निघाली की एकदा आजी मुक्कामाला भावाकडे गेली तर हिने फोन करून विचारलं.

एक्झेमेस्टेन लेट्रोझोलपेक्षा महाग आणि तालुक्याच्या दुकानात नेहमी मिळत नाही. मुलगा तीन महिन्यांचं एकदम नेतो. एकदा दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची दिली. पाकिटाचा रंग वेगळा, गोळीचा आकार वेगळा. मावशींनी घेतली नाही, पण या वेळी सोडूनही दिली नाही. सुनेकडून फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवला. औषध तेच होतं. त्या एका फोटोने मला जेवढं समाधान दिलं तेवढं कुठल्या रिपोर्टने नाही दिलं.

नणंदेने शक्तीसाठी म्हणून शतावरी कल्प आणला होता. शतावरीचा इस्ट्रोजेनसारखा परिणाम होऊ शकतो अशी शंका असल्यामुळे या आजारात आम्ही ती टाळायला सांगतो. कल्प नात दुधातून खाते आता.

जे जमलं नाही तेही सांगते. आमचा बायांचा गट महिन्यातून एकदा बसतो. मावशी एकदाच आल्या. तिथे एका बाईचा आजार परतल्याचं कळलं आणि नंतर त्यांना तीन रात्री झोप आली नाही. पुन्हा बोलावलं नाही. फोनवर रोज आठवण करून देणारा मेसेज लावला होता, तो मुलाच्या फोनवर वाजायचा आणि मुलगा तेव्हा कारखान्यावर असायचा.

आजची स्थिती

एक्झेमेस्टेन सुरू होऊन वर्ष झालं. सकाळचं दुखणं दहापैकी आठ होतं, ते आता चार सांगतात, गुडघे पूर्वीसारखेच. महिन्यात एखाद-दुसरी गोळी चुकते. खुर्चीवरून न टेकता दहा वेळा उठतात. झोलेड्रोनिकच्या दोन मात्रा झाल्या, पुढची डेक्सा पुढच्या वर्षी.

सुनेला पाचवा महिना आहे. सकाळच्या धारेला ती आता फार दिवस उकिडवी बसू शकणार नाही, आणि बाळंतपणाला माहेरी जाईल. मुलाने शिकायचा प्रयत्न केला. म्हैस दूध चोरते. मावशींनी परवा फोनवर विचारलं की तेवढे तीन-चार महिने गोळी बंद ठेवली तर चालेल का. विचारलं, ही मोठी गोष्ट. डॉक्टरांनी नाही म्हटलंय. दोन बाजू समोर आहेत: एक म्हैस विकायची, किंवा डेअरीकडून धार काढायचं छोटं यंत्र हप्त्याने घ्यायचं. यंत्राला म्हशी सरावतील का हे बघायला मुलगा शेजारच्या गावात एका गोठ्यावर जाऊन येणार आहे. हप्ता दुधाच्या पगारातून कापला जाईल, म्हणजे निर्णय मावशींचा. त्या अजून काही बोललेल्या नाहीत.